वाचकांचे प्रश्न : प्लास्टिकमधली खनिज आगरोधकं

या अंकातले सगळे प्रश्न एकाच विषयावरचे आहेत : ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आणि त्यांच्या जातकुळीतल्या खनिजांनी प्लास्टिकची आग कशी रोखायची. धंद्यात पहिल्याला एटीएच आणि दुसऱ्याला एमडीएच म्हणतात, उत्तरांतही तेच शब्द ठेवले आहेत. 'भाग' म्हटलं की १०० भाग पॉलिमरमागे (मूळ प्लास्टिकमागे) इतके, आणि 'टक्के' म्हटलं की पूर्ण कंपाउंडच्या, म्हणजे सगळं मिसळून तयार झालेल्या मालाच्या, वजनात इतके, असं वाचावं. या दोहोंची गल्लत फार होते. १०० भाग म्हणजे ५० टक्के, १५० भाग म्हणजे ६० टक्के आणि १८६ भाग म्हणजे ६५ टक्के.

प्रश्न : पूर्वी ब्रोमीनचं आगरोधक आणि अँटिमनी मिळून १५-२० टक्क्यांत आमचं काम व्हायचं. आता खनिज वापरा म्हणतात, तर पुरवठादार ६० टक्के सांगतो. ३० टक्क्यांत भागणार नाही का?

नाही भागणार. दोघांची कामाची पद्धतच वेगळी आहे. ब्रोमीन ज्वालेच्या आत जाऊन रासायनिक साखळी तोडतं, म्हणून थोडकं पुरतं. खनिजाचं काम उष्णता शोषण्याचं. एटीएच २०० अंश सेल्सिअसच्या आसपास फुटायला लागतं, वजनाच्या ३४.६ टक्के पाणी वाफ करून सोडतं आणि त्यात ग्रॅममागे हजार जूलहून जास्त उष्णता गिळतं. वाफ ज्वालेतले ज्वलनशील वायू पातळ करते, आणि मागे उरलेला ॲल्युमिनाचा थर खालच्या प्लास्टिकला झाकतो. या तिन्ही गोष्टी खनिजाच्या वजनावर चालतात. खनिज अर्धं केलं तर परिणाम अर्ध्याहून कितीतरी खाली जातो, कारण तेवढ्याच वजनात जळणारं प्लास्टिक वाढलेलं असतं.

आकड्यात सांगायचं तर ६० टक्के एटीएचच्या एक किलो कंपाउंडमध्ये साधारण २०८ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. त्याची १०० अंशाला सुमारे ३५० लिटर वाफ होते. ३० टक्क्यांवर ती निम्मी होते आणि शेजारी ७०० ग्रॅम पॉलिमर जळायला तयार असतो. पॉलिओलेफिनमध्ये (पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन यांच्या कुळात) खनिज एकट्यानं वापरायचं तर ५० टक्क्यांच्या आत व्ही-० ची (यूएल ९४ या आगीच्या चाचणीतल्या कडक दर्जाची) आशा धरू नये. ५५ पासून फरक दिसायला लागतो आणि ६० ते ६५ मध्ये खरा पल्ला येतो.

म्हणूनच याला 'ॲडिटिव्ह' समजून चालत नाही. कंपाउंडचा अर्ध्याहून जास्त भाग हाच आहे. जुन्या रेसिपीत ब्रोमीन काढून तिथे एटीएच टाकायचं, ही सुरुवातच चुकीची होते. रेझिन, स्क्रू, तापमान, वाळवण, सगळं खनिजाकडे बघून नव्यानं ठरवावं लागतं. मागे फिरण्याची वाटही आता अरुंद झाली आहे. युरोपात विद्युत उपकरणांमध्ये पॉलिब्रोमिनेटेड डायफिनाइल ईथरवर ०.१ टक्क्याची मर्यादा १ जुलै २००६ पासून आहे आणि डेकाब्रोमोडायफिनाइल ईथर २०१७ साली स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं.

प्रश्न : एटीएच की एमडीएच, हे कशावरून ठरवायचं? पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन आणि पॉलिकार्बोनेट अशी तिन्ही कामं आमच्याकडे आहेत.

आधी एकच प्रश्न विचारायचा : मशीनमधून जाताना वितळलेला माल किती तापतो? एटीएचला १८० ते १९० अंशांची मर्यादा पाळावी लागते. एमडीएच ३०० अंशांच्या पुढे फुटायला लागतं, पाणी ३१ टक्के सोडतं. त्यामुळे ईव्हीए (एथिलीन आणि व्हिनाइल ॲसिटेट यांचं मऊ प्लास्टिक), पॉलिएथिलीन, रबर आणि थर्मोसेट (एकदा घट्ट झाल्यावर पुन्हा न वितळणारी प्लास्टिकं) यांना एटीएच, तर पॉलिप्रॉपिलीनला एमडीएच. पॉलिप्रॉपिलीन २०० ते २३० अंशांवर चालतं, तिथे एटीएच बॅरलमध्येच संपेल.

नायलॉन ६ मध्ये ५५ ते ६० टक्के एमडीएच चालतं, पण माल जड होतो आणि आघात सोसण्याची ताकद बरीच जाते. नायलॉन ६६ चं प्रोसेसिंग २८० च्या आसपास असल्यामुळे तिथे अंतर फार थोडं उरतं. बारीक दाण्याचं, मोठ्या पृष्ठभागाचं एमडीएच लवकर फुटतं, हेही धरा. काच भरलेल्या नायलॉनला आमचा सल्ला सरळ फॉस्फिनेटचा, म्हणजे फॉस्फरसवर चालणाऱ्या आगरोधकाचा. तिथे बोहमाइट (ॲल्युमिनियमचंच, पण कमी पाणी धरणारं खनिज) सोबतीला घेता येतं. ते ३४० अंशांच्या आसपास फुटतं, पण पाणी फक्त १५ टक्के सोडतं, त्यामुळे एकट्यानं काम करत नाही.

पॉलिकार्बोनेटचं उत्तर थेट 'नाही' असं आहे. एमडीएच अल्कली आहे. गरम पॉलिकार्बोनेट किंवा पीईटीच्या साखळ्या ते तोडतं. माल पातळ होतो, पिवळा पडतो आणि सुटा भाग हातात मोडतो. कितीही कोटिंग केलेली ग्रेड आणली तरी हा धोका जात नाही.

तिसरं खनिज म्हणजे हंटाइट आणि हायड्रोमॅग्नेसाइटचं नैसर्गिक मिश्रण, जे तुर्कस्तान आणि ग्रीसमध्ये खाणीतून निघतं. हायड्रोमॅग्नेसाइट साधारण २२० अंशांपासून पाणी आणि पुढे कार्बन डायऑक्साइड सोडतं. हंटाइट ४०० च्या वर फुटतं आणि त्याचे चपटे कण राखेला धरून ठेवतात. एटीएच आणि एमडीएच यांच्या मधल्या तापमानाला ते उपयोगी आहे.

प्रश्न : बॅरलचं तापमान १६५ अंश ठेवूनही एटीएच-ईव्हीएच्या सळीत फुगे येतात, दाणे आतून पोकळ निघतात. एटीएच तर २०० ला फुटतं ना?

पॅनेलवर दिसणारे १६५ अंश बॅरलच्या लोखंडाचे आहेत, आतल्या मालाचे नाहीत. ६० टक्के खनिज भरलेला माल इतका घट्ट असतो की स्क्रूच्या घुसळणीनंच तो तापतो. बॅरलपेक्षा माल २० ते ३० अंश जास्त गरम असणं अगदी नेहमीचं आहे. म्हणून आधी मालाचं तापमान घ्या. डायमधून आलेला गोळा जाड पुठ्ठ्यावर जमवा, सुईचा थर्मोकपल आधी गरम करून त्यात खुपसा, २०-३० सेकंद हलवत राहा आणि चढलेला सर्वांत मोठा आकडा लिहून ठेवा. थंड सुई थेट खुपसली तर ती मालालाच गार करते आणि आकडा खोटा येतो.

फुग्यांची कारणं तीन आणि तिन्हींचे उपाय वेगळे, म्हणून अंदाजानं काही बदलू नका.

ओलावा असेल तर पावडर आणि रेझिन वाळवून त्याच सेटिंगवर चालवल्यावर फुगे जातात. पावडर पातळ थरात १०५ अंशांवर दोन-तीन तास वाळवता येते, एटीएचला त्यानं काही होत नाही. वाळवूनही फुगे राहिले तर स्क्रूचा वेग तिसऱ्या हिश्शानं कमी करा. फुगे कमी झाले आणि मालाचं तापमानही उतरलं, तर एटीएच बॅरलमध्येच फुटतंय हे ठरलं. वेगानंही फरक पडला नाही, तर अडकलेली हवा हे कारण. बारीक एटीएचची पावडर भुसभुशीत असते, तिच्यासोबत भरपूर हवा आत जाते.

फुटण्याचा हिशेब जरा जवळून पाहा. एक किलो कंपाउंडमध्ये ६०० ग्रॅम एटीएच आहे. त्यातलं फक्त एक टक्का, म्हणजे ६ ग्रॅम फुटलं, तर साधारण २ ग्रॅम पाणी सुटतं. डायबाहेर येताच त्याची साडेतीन लिटर वाफ होते, आणि तो किलोभर माल स्वतः जेमतेम ०.६७ लिटर जागा घेतो. एवढी वाफ निघायला रस्ता नसेल तर दाणा पोकळ होणारच. आगरोधन मात्र या एका टक्क्यानं कमी होत नाही. नुकसान होतं ते पोताचं, ताकदीचं आणि केबलच्या इन्सुलेशनचं.

ट्विन स्क्रूवर (दोन स्क्रूंच्या मिसळणाऱ्या मशीनवर) उपाय असे. सगळी पावडर मुख्य हॉपरमधून टाकू नका, निम्मी तिथे आणि निम्मी साइड फीडरमधून (बॅरलच्या बाजूनं, पुढे माल देणाऱ्या तोंडातून) द्या. साइड फीडरच्या आधी हवेसाठी उघडा व्हेंट ठेवा, शेवटी डायआधी व्हॅक्यूम व्हेंट. नीडिंग ब्लॉकची (स्क्रूवरच्या घुसळणाऱ्या तुकड्यांची) संख्या कमी करा. रेझिन वितळवण्यापुरता एक गट आणि प्रत्येक फीडनंतर एक छोटा गट पुरतो. फार बारीक जाळी लावली की मागचा दाब वाढतो आणि तापमानही. ४०-८० मेशचं काम असताना १५० मेश लावायची गरज नसते. झिजलेला स्क्रू बदला, कारण फटीतून माल मागे येऊन पुन्हा पुन्हा घुसळला जातो.

केबल ओढणाऱ्या सिंगल स्क्रूवर चूक बहुधा स्क्रूतच असते. पॉलिएथिलीनसाठीचा २.५ ते ३ कॉम्प्रेशनचा (माल तितक्या पटीनं दाबणारा) स्क्रू या मालाला चालत नाही. १.२ ते १.५ चा लागतो. दाणे वापरण्याआधी चार ते सहा तास वाळवा. २८ टक्के व्हिनाइल ॲसिटेटच्या ईव्हीएला ६० ते ६५ अंशच ठेवा, त्यावर गेलात तर दाणे चिकटून ढेप होते. आणि लाइन थांबवताना माल बॅरलमध्ये सोडून जाऊ नका. साधं पॉलिएथिलीन घालून बॅरल धुऊन काढा. गरम बॅरलमध्ये तासभर राहिलेलं एटीएच दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या शंभर मीटर केबलमध्ये फोड होऊन दिसतं.

प्रश्न : केबलच्या आवरणासाठी सुरुवातीची रेसिपी द्याल का? आमच्या कंपाउंडचं ताणबल चांगलं येतं, पण तुटेपर्यंतची वाढ ६० टक्क्यांवरच थांबते.

सुरुवात इथून करा : २८ टक्के व्हिनाइल ॲसिटेटचं, मेल्ट इंडेक्स (वितळलेला माल किती सहज वाहतो तो आकडा) ३ च्या आसपासचं ईव्हीए ७० भाग, एलएलडीपीई (एक प्रकारचं पॉलिएथिलीन) २० भाग, मॅलेइक अँहायड्राइड चढवलेलं एलएलडीपीई (पुढे 'मॅलेइक रेझिन') १० भाग, ४ चौरस मीटर प्रति ग्रॅम पृष्ठभागाचं अवक्षेपित (दळून नव्हे, द्रावणातून काढलेलं) एटीएच १५० भाग, फिनॉलिक अँटिऑक्सिडंट ०.७ भाग, सिलिकॉन २ भाग. नीट मिसळलं तर १० मेगापास्कल ताणबल आणि १२५ टक्के वाढ ही आवरणाची नेहमीची अपेक्षा या चौकटीत बसवता येते. पुढची जुळवाजुळव तुमच्या मशीनवर.

वाढ ६० वरच थांबते याचा अर्थ खनिज आणि पॉलिमर यांची पकड हवी त्यापेक्षा घट्ट आहे, किंवा खनिजाचे गठ्ठे राहिले आहेत. आधी गठ्ठे तपासा. कंपाउंडची ०.२ मिलिमीटरची पट्टी दाबून उजेडासमोर धरा. पांढरे ठिपके दिसले तर पट्टी तिथूनच तुटणार, रसायन बदलून काही होणार नाही. ठिपके नसतील तर मॅलेइक रेझिन १० वरून ६ भागांवर आणा, एलएलडीपीईतले ५-१० भाग पॉलिओलेफिन इलॅस्टोमरनं (रबरासारख्या पॉलिओलेफिननं) बदला आणि पुन्हा ओढून बघा.

इथे कोटिंगबद्दल एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण तिच्यावर बरेच पैसे वाया जातात. स्टिअरिक ॲसिडचं कोटिंग खनिजाचा पृष्ठभाग निसरडा करतं. माल सहज वाहतो, वाढ वाढते, पण ताणबल उतरतं. मॅलेइक रेझिन किंवा सिलेन त्याच पृष्ठभागाला पॉलिमरशी बांधतं, त्यानं ताणबल चढतं आणि वाढ उतरते. दोघांनाही जागा तीच हवी असते. स्टिअरिक लावलेली ग्रेड आणून वर मॅलेइक रेझिन टाकलं तर पकडायला पृष्ठभाग मोकळाच नसतो आणि महागडं रेझिन नुसतं पॉलिमर म्हणून पडून राहतं. मॅलेइक वापरायचं असेल तर एटीएच बिनकोटिंगचं घ्या.

स्वतः स्टिअरिक लावायचं असेल तर मात्रा पृष्ठभागावरून काढा. एक ग्रॅम स्टिअरिक ॲसिड एकेरी थरात सुमारे ४२० चौरस मीटर झाकतं. ५ चौरस मीटर प्रति ग्रॅमच्या एक किलो पावडरला ५००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास १२ ग्रॅम, अर्थात १.२ टक्के लागतं. यापेक्षा जास्त टाकलेलं मोकळं राहतं, डायच्या ओठावर पांढरी-पिवळी मिशी होऊन साचतं आणि केबलवर ओरखडे पाडतं.

सिलेनचा मार्ग घेतलात तर व्हिनाइल सिलेन १ भाग आणि डायक्युमिल पेरॉक्साइड ०.०३ ते ०.०५ भाग. पेरॉक्साइड काट्यावर तोलून आणि सिलेनमध्ये विरघळवून टाका. हातानं अंदाजे टाकलं की जेलचे गोळे आलेच.

प्रश्न : पुरवठादार बदलल्यापासून तेच १५० भाग टाकूनही आगीच्या चाचणीत नापास होतो. एटीएचमध्ये भेसळ असेल का? प्रयोगशाळा आमच्याकडे नाही.

तीन साध्या तपासण्यांत बहुतेक उलगडा होतो.

पहिली, चमचाभर पावडरवर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब. हातमोजे आणि चष्मा घालूनच. एटीएच फसफसत नाही. फसफसलं तर कॅल्शियम कार्बोनेट आहे, किंवा कोणी हायड्रोमॅग्नेसाइट मिसळलं आहे. कॅल्शियम कार्बोनेट ८०० अंशांच्या आसपास फुटतं, तोवर प्लास्टिक जळून गेलेलं असतं. ते फक्त जागा अडवतं.

दुसरी, राख. पावडर वाळवून तोला, चिनी मातीच्या क्रुसिबलमध्ये मफल भट्टीत तापवा, वजन स्थिर झाल्यावर पुन्हा तोला. शुद्ध एटीएचमागे ६५.४ टक्के ॲल्युमिना उरतं, एमडीएचमागे ६९.१ टक्के मॅग्नेशिया. ६०० अंशांवर एटीएचमधलं बांधलेलं शेवटचं थोडं पाणी अडकून राहतं, त्यामुळे आकडा जरासा वर येतो. तेवढी सूट द्या. पण ७२-७५ आलं तर ते एटीएच नव्हे. कंपाउंडचीही राख काढा. ६० टक्के एटीएचचं कंपाउंड साधारण ३९ ते ४० टक्के राख देतं. पावडरची राख बरोबर असून कंपाउंडची ३५ असेल तर पावडर शुद्ध आहे पण तुमचा फीडर कमी टाकतोय. भट्टीत थेट कंपाउंड घालू नका, आधी धुराड्याखाली मंद जाळून घ्या, नाहीतर ज्वाला उसळून राखही उडते.

तिसरी, घनता. पॉलिमरची घनता ०.९४ आणि एटीएचची २.४२ धरली तर ६० टक्के एटीएचचं कंपाउंड १.४९ यायला हवं. राख बरोबर असून घनता १.४३ असेल तर आत फुगे आहेत, भेसळ नाही.

तिन्ही बरोबर आली तरी चाचणी नापास होत असेल तर दाण्याचा आकार विचारा. दळलेलं जाड एटीएच आणि १-२ मायक्रॉनचं अवक्षेपित एटीएच यांची राख एकच येते, पण जळण्याचं वागणं आणि ताकद दोन्ही वेगळी असतात. जाड कण तापताना काही अंशी बोहमाइटकडे वळतात आणि उरलेलं पाणी उशिरा सोडतात.

प्रश्न : ३ मिलिमीटर जाडीला आमचं पॉलिप्रॉपिलीन-एमडीएच यूएल ९४ व्ही-० पास झालं. ग्राहकाचा भाग ०.८ मिलिमीटर आहे आणि तो म्हणतो प्रमाणपत्र चालणार नाही. बरोबर आहे का?

ग्राहक बरोबर आहे. व्ही-० हा दर्जा जाडीला चिकटलेला असतो. पातळ पट्टी लवकर तापते, दोन्ही बाजूंनी जळते आणि तिच्या एकक पृष्ठभागामागे पाणी कमी असतं. ३ मिलिमीटरला पास झालेलं ०.८ ला खालच्या व्ही-२ दर्जाचं किंवा पूर्ण नापास होऊ शकतं.

बाहेर पाठवण्याआधी घरच्या घरी चाचणी करून बघा. १२५ बाय १३ मिलिमीटरच्या पाच पट्ट्या खऱ्या जाडीत घ्या, २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत ४८ तास ठेवा. पट्टी उभी टांगा, ३०० मिलिमीटर खाली कापूस ठेवा. २० मिलिमीटरची निळी ज्योत खालच्या टोकाला १० सेकंद द्या, काढा, विझायला किती सेकंद लागले ते लिहा, विझताच पुन्हा १० सेकंद द्या. कोणतंही एक जळणं १० सेकंदांच्या आत, पाच पट्ट्यांच्या दहा वेळांची बेरीज ५० च्या आत, दुसऱ्या ज्योतीनंतर जळणं आणि धगधगणं मिळून ३० च्या आत, आणि कापूस पेटता कामा नये. दुसरा संच ७० अंशांवर १६८ तास ठेवून असाच जाळतात. बऱ्याच जणांचा हा संच राहून जातो. खोलीत वारा नको आणि मागे धूर ओढणारा पंखा चाचणी चालू असताना बंद ठेवा.

०.८ ला पास व्हायचं असेल तर एमडीएच ६५ टक्क्यांपर्यंत न्या, आणि गळणारे थेंब थांबवण्यासाठी २-४ भाग नॅनोक्ले (अतिबारीक थरांची माती) बघा. अमोनियम पॉलिफॉस्फेट (फुगणारा थर करून आग रोखणारं रसायन) सोबत घालून बघू असं सुचवणारे भेटतील. एमडीएच त्याच्याशी प्रक्रिया करून मॅग्नेशियम फॉस्फेट करतं आणि फुगणारा थर तयारच होत नाही, त्यामुळे या जोडीत बहुधा नुकसान होतं. ६५ टक्क्यांवर भाग ठिसूळ होईल. त्यासाठी होमोपॉलिमर (निव्वळ पॉलिप्रॉपिलीन) सोडून ब्लॉक कोपॉलिमर (एथिलीन जोडलेली चिवट ग्रेड) घ्या आणि १०-१५ टक्के पॉलिओलेफिन इलॅस्टोमर द्या. तरीही जमलं नाही तर भागाची भिंत १.६ करता येईल का ते डिझाइनवाल्याला विचारा. आमच्या मते बहुतेकदा तोच सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

प्रश्न : कंपाउंडचा ऑक्सिजन इंडेक्स (पट्टी जळत राहायला किमान किती टक्के ऑक्सिजन लागतो तो आकडा) ३६ येतो, एकटी केबल पास होते, पण जुडग्याच्या चाचणीत आग वर चढत जाते.

ऑक्सिजन इंडेक्सची पट्टी मेणबत्तीसारखी वरून खाली जळते, तीही थंड हवेत. आयईसी ६०३३२-३ या जुडग्याच्या चाचणीत साडेतीन मीटरच्या केबल शिडीवर जुडग्यानं उभ्या असतात, शेजारची केबल शेजारचीला तापवते आणि जळका भाग बर्नरपासून अडीच मीटरच्या वर जाता कामा नये. इथे निर्णायक गोष्ट राखेची कवच म्हणून टिकण्याची ताकद. नुसत्या एटीएचची राख भुकटीसारखी असते. ती गळून पडली की ताजा पॉलिमर उघडा होतो.

जळलेली केबल हातात घेऊन पाहा. राख बोटानं झडत असेल तर ३ ते ५ भाग ऑर्गॅनोक्ले (पॉलिमरमध्ये मिसळावी म्हणून रसायन लावलेली माती) घाला, थर एकसंध राहतो. राख टिकूनही तांबडी धगधग दोन-तीन मिनिटं चालत असेल तर झिंक बोरेट ३ ते ५ भाग. ते साधारण २९० अंशांपर्यंत स्थिर असतं, त्यामुळे प्रोसेसिंगला अडचण नाही. पण एवढ्यानंही फरक पडला नाही तर केबलच्या आतला इन्सुलेशनचा पॉलिएथिलीन आणि भरावाचे धागे तपासा. आवरण उत्तम असून आतलं इंधन जास्त असेल, तर रेसिपीचा दोष नसतो. आवरणाची जाडी वाढवा किंवा भराव म्हणून खनिज भरलेलं बेडिंग कंपाउंड वापरा.

प्रश्न : इन्सुलेशनचा रोध कोरड्यात छान, पाण्यात आठवडाभर ठेवल्यावर एकदम कोसळतो.

एटीएच बॉक्साइटपासून कॉस्टिक सोड्यात तयार होतं, थोडा सोडा त्यात राहतोच. दाण्याच्या आत अडकलेला सोडा त्रास देत नाही. पृष्ठभागावरचा, पाण्यात विरघळणारा सोडा देतो. तो पाणी आत ओढतो आणि विजेला वाट करून देतो. १० टक्के पावडर शुद्ध पाण्यात ढवळून, गाळून, पाण्याची वाहकता मोजा. केबलच्या ग्रेडला ती ५० ते १०० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आत असावी. ग्रेड चांगली असेल तर दोष पकडीचा. बिनकोटिंगच्या खनिजाभोवती फट राहिली की पाणी तिथून शिरतं. इन्सुलेशनला व्हिनाइल सिलेन लावलेली ग्रेड घ्या. तांब्याला लागून असलेल्या थरात मेटल डीॲक्टिव्हेटरही (तांब्यानं पॉलिमर खराब होऊ नये म्हणून घालायचं रसायन) विसरू नका.

प्रश्न : एमडीएच भरलेल्या काळ्या भागांवर गोदामात पांढरी झाक चढते.

दमट हवेतला कार्बन डायऑक्साइड पृष्ठभागावरच्या एमडीएचशी मिळून मॅग्नेशियम कार्बोनेट करतो. पुसलं की जातं, पुन्हा येतं. सिलेन किंवा फॅटी ॲसिडनं नीट झाकलेली ग्रेड आणि कोरडी, बंद पिशवी हे उपाय आहेत. ॲसिडशी संबंध येणाऱ्या भागांना एमडीएच वापरूच नका, ते त्यात विरघळतं. पांढऱ्या मालावर गुलाबी छटा येत असेल तर ती वेगळी गोष्ट : अल्कलीच्या संगतीत काही फिनॉलिक अँटिऑक्सिडंट रंग धरतात, अँटिऑक्सिडंट बदला.

प्रश्न : हॅलोजनमुक्त (क्लोरीन, ब्रोमीन नसलेल्या) केबलचा धूर निरुपद्रवी असतो, असं आम्ही माहितीपत्रकात लिहावं का?

कृपया लिहू नका. पीव्हीसीच्या रेझिनमधून वजनाच्या ५८ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन क्लोराइड निघू शकतो. तो डोळे आणि श्वासनलिका जाळतो, पळणाऱ्या माणसाला वाट दिसू देत नाही आणि यंत्रं गंजवतो. खनिज भरलेल्या मालात हे टळतं आणि धूर कितीतरी विरळ असतो. पण जळणारा कोणताही कार्बनी पॉलिमर कार्बन मोनॉक्साइड देतो, आणि तो रंग-वास न दाखवता मारतो. लिहायचं तर मोजलेलं लिहा : आयईसी ६०७५४-१ प्रमाणे हॅलोजन आम्ल ०.५ टक्क्याच्या आत, ६०७५४-२ प्रमाणे सामू ४.३ च्या वर आणि वाहकता प्रति मिलिमीटर १० मायक्रोसीमेन्सच्या आत, आयईसी ६१०३४ प्रमाणे तीन मीटरच्या घनाकार खोलीत प्रकाशाची पारगमता किमान ६० टक्के. आकडे स्वतःच्या अहवालातले द्या, दुसऱ्याच्या रेझिनच्या माहितीपत्रकातले नव्हे.

प्रश्न : अनसॅच्युरेटेड पॉलिएस्टरच्या मोल्डिंग कंपाउंडमध्ये १८० भाग एटीएच टाकलं की पेस्ट इतकी घट्ट होते की काचेचे धागे भिजत नाहीत.

इथे बारीक अवक्षेपित ग्रेडची गरजच नाही, ती महाग आणि चिकटपणा वाढवणारी. दळलेलं एटीएच दोन आकारांत घ्या, साधारण ७० टक्के २० मायक्रॉनच्या आसपासचं आणि ३० टक्के ३ मायक्रॉनचं. लहान कण मोठ्यांच्या मधल्या पोकळीत बसतात आणि तेवढ्याच भागांत पेस्ट सैल होते. सोबत ओलं करणारं ॲडिटिव्ह खनिजाच्या ०.५ ते १ टक्का द्या आणि ते पावडर टाकण्याच्या आधी रेझिनमध्ये मिसळा. नंतर ओतलं तर अर्धा गुण जातो. पावडर एकदम न टाकता तीन-चार हप्त्यांत टाका आणि पेस्टचं तापमान ३५ अंशांच्या आत ठेवा, नाहीतर घट्ट करणारं मॅग्नेशियम ऑक्साइड वेळेआधीच काम सुरू करतं. साचा १५० अंशांच्या आसपास असतो, त्या तापमानाला एटीएच शांत राहतं. पण जाड भागात पॉलिएस्टरची स्वतःची उष्णता मध्यभागी साचते. तिथे फोड येत असतील तर साचा १० अंशांनी उतरवून दाबण्याचा वेळ वाढवून बघा.